छायाचित्र-पुस्तकातील चित्रओळ : भोईवाड्यातील एका पुस्तकाच्या निमित्ताने

कुटुंबातील छायाचित्रांचा संग्रह हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात प्रथम उभा राहील. चित्रांचा विचार चित्रकलेच्या अभ्यासकांनी करावा, आणि घरगुती आठवणींचा विचार तर परक्या माणसाने करूच नये, असा आपल्याकडे संकेत आहे. तथापि, गेल्या वीस-बावीस वर्षांत एक नवा मुद्रित प्रकार मध्यमवर्गीय घरांतून, आणि आता कामकऱ्यांच्याही घरांतून, रूढ होऊ लागला आहे. महाजालावरील एखाद्या सेवेकडे आपली चित्रे पाठवावयाची, तिने पुढे केलेल्या साच्यांतून एक निवडावयाचा, चित्रे पृष्ठांवर मांडावयाची, त्यांखाली हव्या त्या ओळी लिहावयाच्या आणि मूल्य भरावयाचे; काही दिवसांनी बांधीव पुस्तक घरपोच येते. बोलण्यात यास ‘फोटोबुक’ म्हणतात. प्रस्तुत लेखात ‘छायाचित्र-पुस्तक’ हा शब्द योजिला आहे, व चित्राखालील मजकुरास ‘चित्रओळ’ म्हटले आहे. या पुस्तकास मुखपृष्ठ आहे, पृष्ठांचा ठरलेला क्रम आहे आणि मजकूर आहे. जेथे क्रम व मजकूर आहे तेथे रचना आहे. आणि रचना आली की तिच्या गुणदोषांची चर्चा अप्रस्तुत ठरत नाही.

या लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : छायाचित्र-पुस्तकाचे साफल्य चित्रांवर किंवा साच्याच्या सौंदर्यावर अवलंबून नसून चित्रओळीवर अवलंबून असते; आणि चांगली चित्रओळ म्हणजे ज्यास ते चित्र दिसतच नाही अशा माणसालाही कळेल अशा रीतीने लिहिलेली ओळ होय. हे विधान प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. ते मला एका पुस्तकाने शिकविले. त्या पुस्तकाचा परिचय पुढे येईलच. तत्पूर्वी या प्रकाराची पूर्वपीठिका पाहणे आवश्यक आहे.

१

छायाचित्रांचे पुस्तक ही मुंबईस नवी वस्तू नव्हे. येथील फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी एक होत. त्याच संस्थेशी संबंधित असलेल्या विल्यम जॉन्सन याने मुंबईतील रहिवाशांच्या जातीजमाती दाखविणारे दोन खंड १८६३ व १८६६ मध्ये लंडनहून प्रसिद्ध केले. पहिला खंड गुजरात, कच्छ व काठेवाड यांस वाहिलेला असून दुसरा महाराष्ट्रास. त्या काळी छायाचित्र पृष्ठावर छापण्याची सोय नसल्याने प्रत्येक प्रतीत प्रत्यक्ष छायाप्रती चिकटविलेल्या होत्या. विशेष असे की, माणसांची चित्रे एके ठिकाणी घेऊन, आकृती कापून, त्या निराळ्याच देखाव्यांच्या पार्श्वभूमीवर जोडलेल्या होत्या. आजची सेवा पार्श्वभूमी बदलण्याची जी सोय मोठ्या अभिमानाने पुढे करते, तिचे मूळ असे दीडशे वर्षांहून जुने आहे.

आपल्या विवेचनाच्या दृष्टीने त्या खंडांतील महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांतील शीर्षके. बहुतेक चित्रांना समाजाचे वा जातीचे नाव आहे. चित्रात उभ्या असलेल्या माणसाचे नाव नाही. तो कॅमेऱ्यासमोर उभा राहिला, त्याचा चेहरा पुस्तकात गेला, आणि त्याचे नाव मात्र बाहेर राहिले. असे होणे स्वाभाविक होते, कारण चित्रओळ लिहिणारा चित्रातल्या माणसांना ‘ते’ म्हणत होता.

याच्या नेमक्या उलट टोकाला आपल्याकडील कुलवृत्तांत हा वाङ्मयप्रकार आहे. त्यात नावेच नावे आहेत. पिढ्यांचा क्रम आहे, गावे आहेत, क्वचित छायाचित्रेही आहेत. परंतु हे ग्रंथ पुरुषवंशाच्या क्रमाने रचलेले असून, ज्या घराण्यांपाशी लेखनाची परंपरा व छपाईचा खर्च सोसण्याची ऐपत होती त्यांनीच ते प्रामुख्याने केले. पूर्वी पुस्तक छापावयाचे म्हणजे निदान काही शे प्रती काढणे भाग असे. एरवी खर्च परवडत नसे. अंकीय मुद्रणाने ही अट काढून टाकली. इंडिगो या यंत्राने १९९३ मध्ये साचापट्टीवाचून रंगीत छपाईचा मार्ग मोकळा केला. त्यामुळे प्रत्येक पृष्ठ निराळे आणि एकूण प्रत एकच, असे पुस्तकही छापता येऊ लागले. ॲपल कंपनीने २००२ मध्ये आपल्या संगणकावरूनच असे पुस्तक मागविण्याची सोय केली. पुढे अनेक सेवा निघाल्या व भारतातही त्यांचा प्रसार झाला. गिरणीत राबलेल्या माणसाच्या कुटुंबास कुलवृत्तांत कोणी लिहून दिला नव्हता. आता त्याची नात आपल्या खोलीत बसून एक प्रत छापून घेऊ शकते. हा बदल सामान्य नव्हे. आणि म्हणूनच त्या प्रतीत काय लिहिले जाते, हा प्रश्न सामान्य नव्हे.

२

विचारार्थ घेतलेले पुस्तक माझ्या एका विद्यार्थिनीने तयार केले असून तिच्या अनुमतीने त्याविषयी लिहीत आहे. तिचे कुटुंब परळच्या भोईवाड्यात, केईएम व टाटा रुग्णालयांपासून पायी जाण्याच्या अंतरावर, एका चाळीत तीन पिढ्या राहिले. चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करावयाची ठरली. बिऱ्हाडे पांगणार हे निश्चित झाले. तेव्हा तिने घरातील पत्र्याच्या डब्यातील छायाचित्रे काढून चाळीस पृष्ठांचे हे पुस्तक केले व त्याच्या सहा प्रती मागविल्या.

प्रथम रचनेतील दोष सांगतो, कारण ते तिचे एकटीचे नाहीत. ते सेवेच्या साच्यातून येतात. पहिला दोष क्रमाचा. ‘आपोआप मांडणी’ हा पर्याय निवडला की यंत्र चित्रांच्या तारखा वाचून त्यांस ओळीने लावते. आता जुने कागदी चित्र भ्रमणध्वनीने टिपले की त्यास टिपल्याची तारीख चिकटते. परिणामी आजी-आजोबांच्या १९६८ सालच्या लग्नाचे चित्र नातवाच्या बारशानंतर आले. हा दोष तिच्या ध्यानात आला व तिने हाताने क्रम लाविला. दुसरा दोष चौकटीचा. चाळीतील पुष्कळ चित्रे आगफा क्लिक थ्री या साध्या कॅमेऱ्याची आहेत. त्याच्या एका रिळात बारा चित्रे निघत व चित्र चौरस असे. सेवेची चौकट आडवी. चौरस चित्र आडव्या चौकटीत बसविताना वरची व खालची बाजू छाटली जाते. आणि समूहचित्रात खालच्या बाजूस, जमिनीवर, मुले बसलेली असतात. पुस्तकाच्या दोन पृष्ठांवर अशी मुले कापली गेली आहेत. छापून येईपर्यंत हे कोणाच्या लक्षात आले नाही.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. या कुटुंबाच्या डब्यात त्यानंतरच्या सुमारे चार वर्षांचे एकही चित्र नाही. रीळ विकत घेण्याची स्थिती नव्हती, एवढेच त्याचे कारण. म्हणजे त्या चार वर्षांचा खरा पुरावा चित्रांचा अभाव हाच आहे. परंतु रिकामे पृष्ठ दिसताच सेवा ‘पृष्ठ अपूर्ण आहे’ अशी सूचना देते. विद्यार्थिनीने ते पृष्ठ फुलांच्या नक्षीने भरले. माझ्या मते संपूर्ण पुस्तकातील ही सर्वांत मोठी चूक होय. त्या पृष्ठावर एक ओळ पुरेशी होती : या काळातील छायाचित्र आमच्याकडे नाही, कारण आजोबांची गिरणी बंद होती. नक्षीने ती चार वर्षे पुसून टाकली, आणि पुढील पृष्ठावरील १९८६ चे चित्र जणू मागल्या महिन्यानंतरचे असावे असे लगतचे झाले.

३

आता चित्रओळींकडे वळू. कागदी संग्रह पाहण्याची आपली रीत आठवावी. संग्रह मांडीवर असतो, वडीलधारे माणूस पृष्ठ उलटते आणि बोट ठेवून सांगते : “हा तुझा काका, ही बाजूला कोण ओळख, आणि तो मागे उभा आहे ना, तो.” या बोलण्यातील ‘हा’, ‘ही’, ‘तो’ हे शब्द निर्देशक होत. कार्ल ब्यूलर याने १९३४ मध्ये असे दाखविले की, अशा शब्दांना अर्थ येतो तो बोलणाऱ्याच्या स्थानापासून; ‘मी–येथे–आता’ हा त्यांचा आरंभबिंदू. याकोबसन याने १९५७ मध्ये याच वर्गातील शब्दांचे विवेचन करून, बोलणारा बदलला की त्यांचा निर्देशही बदलतो, हे स्पष्ट केले. कागदी संग्रहास चित्रओळ नसली तरी चालत असे, कारण आरंभबिंदू मांडीशेजारी बसलेला असे. मुद्रित पुस्तक मात्र बोट कापून टाकते. ते डोंबिवलीस जाते, बदलापुरास जाते, पन्नास वर्षांनी उघडले जाते. तेथे बोट ठेवणारे कोणी नसते.

असे असताही या पुस्तकाच्या पूर्वार्धातील ओळी बोट गृहीत धरूनच लिहिल्या आहेत. ‘आम्ही सगळे’, ‘हा दिवस विसरता येत नाही’, ‘तीच ती गॅलरी’. यांतील एकेका शब्दाची तपासणी उद्बोधक ठरेल.

‘आम्ही’ हा शब्द घ्या. मराठीत श्रोत्यास वगळणारे ‘आम्ही’ व श्रोत्यास सामावून घेणारे ‘आपण’ असा भेद आहे. साच्यात पूर्वीच छापलेल्या इंग्रजी शीर्षकांना हा भेद ठाऊक नाही. मराठी लिहिणारीस मात्र तो टाळता येत नाही. ‘आमची चाळ’ असे लिहिले की वाचणारा बाहेरचा ठरतो. ‘आपली चाळ’ म्हटले की तो आतला. सहा प्रतींपैकी चार प्रती शेजाऱ्यांना देण्यासाठी होत्या. ज्यांनी एकाच नळावर पन्नास वर्षे पाणी भरले, त्यांच्या हाती ‘आमची चाळ’ या शीर्षकाचे पुस्तक देण्यात अनवधानाने एक दुरावा आला आहे. विद्यार्थिनीस हे मी दाखविले तेव्हा ती म्हणाली की, साच्यातील इंग्रजी शब्दाच्या जागी तिने सहज मराठी शब्द ठेवला होता.

नातेवाचक शब्दांची अडचण निराळी आहे. आपली नातेव्यवस्था किती सूक्ष्म आहे हे इरावती कर्वे यांच्या १९५३ मधील नातेसंबंधविषयक ग्रंथाच्या वाचकांना सांगावयास नको. चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ असे चार निरनिराळे भाऊ एका शब्दात स्पष्ट करणारी भाषा चित्रओळीस वरदान ठरावी. पण नाते हे कोणाचे तरी असते. या पुस्तकात एका पृष्ठावर ‘आत्याबाई व मामंजी’ अशी ओळ आहे. ती विद्यार्थिनीच्या आईने सांगितलेली, म्हणजे सुनेची. सासूस ‘आत्याबाई’ व सासऱ्यास ‘मामंजी’ म्हणण्याची जुनी रीत त्यात उतरली आहे. त्यानंतर चार पृष्ठांनी ‘आत्या’ येते. ती विद्यार्थिनीच्या वडिलांची बहीण. परक्या वाचकास ही एकच बाई वाटेल. दोन्ही ओळी खऱ्या आहेत; परंतु बोलणारी कोण हे सांगितले नसल्याने दोन्ही मिळून खोट्या झाल्या आहेत.

क्रियापदेही घराचा कारभार सांगून जातात. ‘आजोबा कामावर निघाले आहेत’, पण ‘आजी पोळ्या करते आहे’. आजोबांस आदरार्थी बहुवचन व आजीस एकवचन, हे बोलण्यात जिव्हाळ्याचे आहे व त्यात कोणी अनादर पाहू नये. छापताना मात्र हा निर्णय आपण घेत आहोत याची जाणीव हवी, एवढेच माझे म्हणणे.

स्थळनामाचेही असेच. ‘भोईवाड्यात, १९७१’ ही ओळ चाळीतल्या माणसास पुरेशी आहे. मुंबईत मात्र भोईवाडे दोन आहेत : एक भुलेश्वरचा, एक परळचा. आज हे सांगणारी माणसे आहेत. चाळ पाडल्यावर, ‘गॅलरी’, ‘कोपऱ्यावरची खोली’, ‘मधला जिना’ हे शब्द ज्या वस्तूंना लागू होते त्या वस्तूच उरणार नाहीत. तेव्हा ‘भोईवाड्यात’ एवढ्याने कोणासही काही कळणार नाही.

४

येथे लिपीविषयी दोन शब्द लिहिणे क्रमप्राप्त आहे. विद्यार्थिनीने ‘दुसऱ्या मजल्यावर’ असे लिहिले. पडद्यावर ते शुद्ध दिसले. छापील नमुन्यात मात्र ‘दुसर्या’ आले, व दुसऱ्या एका ओळीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडली. याचे कारण असे की, पडद्यावरील अक्षरे जुळविणारी प्रणाली एक व छपाईसाठी पृष्ठ तयार करणारी प्रणाली दुसरी. दुसरीस देवनागरीची जोडाक्षरे जुळविण्याचे ज्ञान नसेल तर असे घडते. युनिकोडमध्ये ‘ऱ’ ला स्वतंत्र स्थान आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाणीकरण केले आहे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्त’ व ‘बालू’ हे टंक विनामूल्य उपलब्ध आहेत. म्हणजे अडचण लिपीची नाही, सेवा देणाऱ्यांच्या अनास्थेची आहे. विद्यार्थिनीने अखेरीस मराठी ओळी अन्यत्र जुळवून त्यांचीच चित्रे केली व ती पृष्ठावर ठेविली. उपाय चालला, पण आपली भाषा अक्षर म्हणून नव्हे तर चित्र म्हणून आत न्यावी लागते, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावी अशी आहे. पुष्कळ जण एवढे कष्ट घेणार नाहीत. ते साच्यातील इंग्रजी वाक्य तसेच ठेवतील; आणि चित्रातील माणसे पुन्हा एकदा, निराळ्या वाटेने, जॉन्सनच्या खंडांतल्यासारखी निनावी होतील.

५

तथापि, या पुस्तकाचा उत्तरार्ध पूर्वार्धाहून सर्वस्वी भिन्न आहे. पृष्ठ १९ पासून ओळी लांबतात व भरतात. उदाहरणार्थ : ‘परळ भोईवाडा, दुसरा मजला, जिन्याजवळ. डावीकडे पट्ट्यांचा सदरा घातलेला तो शेजारच्या खोलीतील पाहुणा. रत्नागिरीहून गिरणीत काम शोधण्यास आला होता, वर्षभर राहिला. आजीने सांगितले.’ एकाच हाताने, एकाच साच्यात केलेल्या पुस्तकात हा पालट कसा झाला, हे मी विचारले. उत्तर अनपेक्षित होते.

पूर्वार्ध दिवाळीच्या सुट्टीत झाला. आजी शेजारी बसून चित्रे पाहत होती व बोट ठेवून सांगत होती. नातीस सारे कळत होते, म्हणून तिने लिहिले नाही. पुढे परीक्षा आल्या, काम थांबले. काही महिन्यांनी पुन्हा हाती घेतले तेव्हा आजीची दृष्टी इतकी अधू झाली होती की तिला चित्रातील चेहरे दिसेनात. आता ‘ही कोण?’ हा प्रश्न निरुपयोगी झाला. नातीस चित्राचे वर्णन करावे लागे : कोठे, कोणत्या बाजूस, कोणते कपडे, हातात काय. ते ऐकून आजी ओळखी. एखाद्या वेळी ती उलट विचारी, “त्याच्या मागे खिडकी आहे का? मग तो नव्हे.” नातीने आपले वर्णन व आजीचे उत्तर जवळ-जवळ तसेच उतरून घेतले, त्याच उत्तरार्धातील चित्रओळी.

बोट निकामी झाल्यावर भाषेला पूर्ण काम करावे लागले. आजीच्या अंधत्वाने नातीस जे करावयास लाविले, तेच काळ उद्याच्या प्रत्येक वाचकाकडून करवून घेणार आहे. कारण पन्नास वर्षांनंतरच्या वाचकास चेहरे दिसतील, पण ओळखू येणार नाहीत. त्या अर्थाने तोही न दिसणाराच. चित्रओळ दृष्टिहीनासाठी लिहावी असे मी आरंभी म्हटले, ते याच कारणाने.

यावर असा आक्षेप घेता येईल की, अशा ओळींनी घरगुती पुस्तकाचे दप्तर होईल व जिव्हाळा नष्ट होईल. मला तसे वाटत नाही. ‘विसरता येत नाही असा दिवस’ या ओळीत जिव्हाळा कोणाचाही असू शकतो. पट्ट्यांच्या सदऱ्यातील पाहुण्याच्या ओळीत तो त्याच घरचा आहे. रोलाँ बार्थ याने आपल्या छायाचित्रविषयक ग्रंथात (१९८०) आईच्या बालपणीच्या चित्रावर पृष्ठेच्या पृष्ठे लिहिली. ते चित्र मात्र छापले नाही. वाचकास ते दिसत नाही, तरी विसरता येत नाही. शब्दांची ही शक्ती प्रत्येक घरात नसली तरी शब्दांची गरज प्रत्येक घरात आहे.

पुस्तकाचे अखेरचे पृष्ठ १९७४ च्या गणेशोत्सवातील समूहचित्राचे आहे. त्याखाली ओळीने नावे दिली असून एके ठिकाणी लिहिले आहे : ‘दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथा मुलगा : आजीला आठवत नाही. कोणास ठाऊक असल्यास येथे लिहावे.’ पुढे अर्धी ओळ मोकळी सोडली आहे. संपाच्या वर्षांवर नक्षी काढणाऱ्या हातानेच येथे मोकळी जागा ठेवावी, यावरून ती पृष्ठामागून पृष्ठ शिकत गेली हे दिसते. येथे सेवेने तक्रार केली नाही, कारण यंत्राच्या लेखी ते पृष्ठ भरलेले होते. चार प्रती शेजाऱ्यांकडे गेल्या. त्यांपैकी एकीत ती जागा पेन्सिलीने भरून आली आहे. उरलेल्या तीन प्रतींची विचारपूस अद्याप चालू आहे, कारण दोन घरांचे म्हणणे जुळले नाही तर दोन्ही नावे नोंदवावयाची असे तिने ठरविले आहे. ही वृत्ती संशोधकाची आहे.

यावरून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. प्रत्येक ओळीत व्यक्तीचे नाव व नाते ही दोन्ही असावीत, आणि नाते कोणाचे ते सांगावे. स्थळ परक्यास कळेल असे लिहावे. माहिती कोणी दिली हे नोंदवावे. जेथे चित्र नाही तेथे ते का नाही हे लिहावे. जे नाव सापडले नाही त्यासाठी जागा मोकळी ठेवावी. सेवा बंद पडतात. ॲपलने आपली छपाईची सोय २०१८ मध्ये बंद केली. पुस्तकाची कागदी प्रत मात्र उरते, आणि तिच्यात जे लिहिले तेवढेच उरते.

आपल्या विभागातील विद्यार्थी बोलींच्या नोंदी घेण्यासाठी दूरच्या गावी जातात, ते योग्यच आहे. परंतु परळ, लालबाग, नायगाव, भोईवाडा येथील पुष्कळ चाळींतील माणसे आज ना उद्या पांगणार आहेत, आणि पत्र्याच्या डब्यातील चित्रांची नावे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांची वये ऐंशीच्या पुढे गेली आहेत. त्यांच्याशेजारी बसून, डोळे मिटून विचारल्यासारखे प्रश्न विचारणे आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत उतरून घेणे, हे काम भाषाभ्यासकाचे आहे. पुस्तक कोणत्या सेवेकडून छापून घ्यावे, हा त्यानंतरचा प्रश्न होय.